लिस्बनमध्ये शनिवार-रविवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये राहणारी मराठी माणसे सुट्टीला जोडून एखादे जुने शहर पाहायला निघतात, तेव्हा पॅरिस, रोम, प्राग ही नावे आधी सुचतात आणि लिस्बन बहुधा मागे राहते. कोकण, वसई, मुंबई किंवा गोवा यांपैकी कशाशीही ज्याचे नाते आहे, त्याने लिस्बन यादीत वर आणावे असे मला मनापासून वाटते. आपल्या किनाऱ्यावर चारशे-साडेचारशे वर्षे जे घडले, त्याचे दुसरे टोक या शहरात आहे. पुढील प्रश्नोत्तरे शुक्रवारी रात्री पोहोचून रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी परतणाऱ्यांसाठी लिहिली आहेत.

दोन दिवसांत लिस्बन पाहून होते का?

संपूर्ण होत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. दोन दिवसांत तीन भाग नीट पाहता येतात: किल्ल्याच्या उतारावरची आल्फामा ही जुनी वस्ती, तिच्या पायथ्याशी असलेला बायशा हा सपाट मध्यभाग, आणि नदीकाठी पश्चिमेला असलेले बेलेम. सहल ठरवताना काय पाहायचे यापेक्षा काय सोडायचे हे आधी ठरवले, तर पाहिलेले लक्षात राहते.

कोणते महिने चांगले?

एप्रिल, मे, सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीच्या वर जाऊ शकतो, गर्दी फार असते आणि चढणीचे रस्ते दुपारी नकोसे होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पावसाचा काळ असला तरी उत्तर युरोपाच्या मानाने थंडी सौम्य असते. जूनमधील १२ तारखेची रात्र आणि १३ तारीख हा संत आंतोनियोचा उत्सव. तेव्हा आल्फामाच्या गल्लीगल्लीत सार्डिन मासे भाजले जातात. उत्सव पाहायचा असेल तर हे दिवस उत्तम. शांतपणे इमारती पाहायच्या असतील तर मात्र टाळावेत.

भारतीय पारपत्र असलेल्यांना व्हिसा लागतो का?

पोर्तुगाल शेंगेन क्षेत्रात आहे. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स अशा शेंगेन देशाचा वैध निवास परवाना असेल, तर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येते. मात्र पारपत्र आणि परवाना दोन्ही सोबत असावेत. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, त्यामुळे तेथील निवासी परवाना असलेल्या भारतीय नागरिकाला शेंगेन व्हिसा घ्यावाच लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. शिवाय किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा दाखवावा लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून विमानाचे तिकीट काढण्याआधी ती मिळवावी. केवळ शनिवार-रविवारसाठी थेट मुंबईहून जाणे व्यवहार्य नाही. भारतातून युरोपच्या दौऱ्यावर येणाऱ्यांनी त्यातले दोन दिवस लिस्बनसाठी राखावेत.

विमानतळावरून शहरात कसे जावे?

विमानतळ शहराच्या अंगणातच आहे. मेट्रोची लाल मार्गिका २०१२ पासून थेट विमानतळापर्यंत येते. आलामेदा स्थानकावर हिरव्या मार्गिकेत बदलले की रोसिओ किंवा बायशा-शियादो या मध्यवर्ती स्थानकांवर उतरता येते. स्थानकातील यंत्रावर पुन्हा भरता येणारे कार्ड मिळते, तेच मेट्रो, ट्राम, बस आणि नदीवरच्या फेरीबोटीला चालते. प्रत्येक प्रवाशासाठी स्वतंत्र कार्ड लागते. एका कार्डावर कुटुंब नेता येत नाही. पोर्तुगालचे घड्याळ ब्रिटनशी जुळते आणि जर्मनीपेक्षा एक तास मागे असते, हे परतीच्या वेळेचा हिशेब करताना विसरू नये.

मुक्काम कुठे करावा?

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी बायशा, रोसिओ किंवा शियादो या भागात राहावे, कारण येथून दोन्ही दिवसांचे मार्ग पायी किंवा एका वाहनात सुरू होतात. आल्फामातील घरे चित्रासारखी दिसतात, परंतु अनेक ठिकाणी मोटार दारापर्यंत पोहोचत नाही आणि सामान पायऱ्यांवरून उचलून न्यावे लागते. बाइर्रो आल्तो भागात रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो. हॉटेलच्या दरावर प्रत्येक माणशी, प्रत्येक रात्रीचा पालिकेचा पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो.

शनिवारचा दिवस कसा आखावा?

शनिवार जुन्या शहराला द्यावा, आणि त्याला कारणे आहेत. सांता क्लारा मैदानातील फेइरा दा लाद्रा हा जुन्या वस्तूंचा बाजार फक्त मंगळवारी आणि शनिवारी भरतो, तर कार्मो मठाचे संग्रहालय रविवारी बंद असते. सकाळी लवकर सेंट जॉर्ज किल्ल्यावर जावे, तेथून उतरत सांता लुझिया आणि पोर्तास दो सोल या दोन सज्ज्यांवरून नदी पाहावी आणि मग बाजाराकडे वळावे. बाजाराला लागूनच साओ व्हिसेंते दे फोरा हा मठ आहे, त्याविषयी पुढे सांगितले आहे. परत येताना शहराचे मुख्य कथीड्रल लागते. राजा अफोन्सो एन्रिकेसने ११४७ मध्ये उत्तर युरोपातून आलेल्या धर्मयोद्ध्यांच्या मदतीने मूर, म्हणजे मुस्लिम, राजवटीकडून लिस्बन जिंकल्यानंतर ते उभारले गेले. त्याला लोक नुसते ‘से’ म्हणतात. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल पाहिलेल्यांना तो शब्द ओळखीचा वाटेल. त्याचा अर्थ बिशपचे आसन.

आल्फामा हे नाव अरबी आहे आणि त्याचा संबंध उष्ण झऱ्यांशी जोडला जातो. येथे नकाशा खिशात ठेवून चालावे. वाट चुकली तरी उताराने गेल्यास नदी लागतेच.

१७५५ च्या भूकंपाविषयी आधी वाचून जाणे का सुचवले जाते?

कारण तो भूकंप ठाऊक नसेल, तर लिस्बनचा मध्यभाग केवळ सुबक दुकानांची रांग वाटतो. १ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांचा सण होता. सकाळी साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास, चर्चेस भरलेली असताना, धरणीकंप झाला. लोक मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले, तर काही वेळाने समुद्राच्या लाटा नदीतून आत शिरल्या. आणि सणासाठी लावलेल्या मेणबत्त्या व घराघरातल्या चुली यांतून लागलेली आग पुढे कित्येक दिवस जळत राहिली. नदीकाठचा राजवाडा त्याच्या ग्रंथालयासह गेला आणि भारताशी चालणाऱ्या व्यापाराचे सरकारी केंद्र असलेली ‘कासा दा इंदिया’ही नष्ट झाली. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाची न जाणो किती पाने त्या दिवशी राख झाली, याचे मला आजही वाईट वाटते.

नंतर जे घडले ते तितकेच पाहण्यासारखे आहे. पुढे मार्किस दे पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने पुनर्बांधणी हाती घेतली. मानुएल दा माइया, एउजेनियो दोस सांतोस आणि कार्लोस मार्देल या लष्करी अभियंत्यांनी जुन्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांच्या जागी काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आखले. इमारतींच्या भिंतींत लाकडी चौकटींचा तिरप्या दांड्यांनी जखडलेला सांगाडा घातला, जेणेकरून पुन्हा धक्का बसला तर दगड निसटला तरी घर उभे राहावे. त्याला पोर्तुगीजमध्ये ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, म्हणतात. नमुन्याभोवती सैनिकांना पावले आपटत चालायला लावून त्याची परीक्षा घेतली गेली, असे सांगितले जाते. रस्त्यांना व्यवसायांची नावे दिली: सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता. आपल्या पेठांमधील तांबट आळी, बोहरी आळी आठवावी.

राजवाड्याच्या जागी झालेला विस्तीर्ण चौक म्हणजे प्रासा दो कोमेर्सिओ, व्यापाराचा चौक. जुने लिस्बनकर त्याला अजूनही ‘राजवाड्याचे मैदान’ म्हणतात. तेथून वर, शियादोच्या कडेला, कार्मो मठाचे छत नसलेले चर्च आहे. दगडी कमानी उभ्या आहेत आणि त्यांच्यावर आकाश आहे. एकच वास्तू पाहायला वेळ असेल तर मी ही निवडेन.

२८ क्रमांकाच्या ट्राममध्ये बसावे का?

ही जुन्या शहराच्या चढउतारांवरून जाणारी जुन्या बनावटीची पिवळी ट्राम. बसावे, पण सकाळी लवकर किंवा संध्याकाळ उलटल्यावर. मार्तिम मोनिझ या पहिल्या थांब्यावर चढल्यास जागा मिळण्याची शक्यता असते. दुपारी रांगेत जाणाऱ्या वेळात तोच मार्ग चालून होतो. त्याच जुन्या बनावटीच्या पिवळ्या ट्राम १२ क्रमांकाच्या छोट्या फेरीवरही दिसतात. या ट्राममध्ये खिसेकापूंचा सुळसुळाट असतो, तेव्हा पारपत्र आणि पैसे अंगाजवळ ठेवावेत. डोंगर चढणाऱ्या केबलच्या गाड्यांपैकी ग्लोरिया येथे सप्टेंबर २०२५ मध्ये भीषण अपघात होऊन १६ जणांचा मृत्यू झाला. त्यामुळे या गाड्यांच्या भरवशावर मार्ग आखू नये आणि त्या सुरू आहेत की नाहीत हे निघण्यापूर्वी पाहावे.

रविवारी बेलेममध्ये काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने?

बेलेमला काइस दो सोद्रे स्थानकातून लोकल गाडीने किंवा १५ क्रमांकाच्या ट्रामने जाता येते. गाडी अधिक वेगवान आहे. जेरोनिमोस मठाचे तिकीट आधीच ऑनलाइन काढून दार उघडण्याच्या वेळी हजर राहावे, कारण उन्हात रांगेत घालवलेले दोन तास दोन दिवसांच्या सहलीत परवडत नाहीत. मठाचे अंगण आणि चर्च यांची प्रवेशव्यवस्था वेगवेगळी आहे. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, म्हणून आधी अंगण आणि दुपारी चर्च हा क्रम सोयीचा. सोमवारी मठ आणि बहुतेक सरकारी संग्रहालये बंद असतात.

राजा मानुएल पहिला याने सोळाव्या शतकाच्या आरंभी हा मठ बांधायला घेतला आणि खर्चाचा मोठा भाग आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावरच्या करातून आला. त्या व्यापारातून जो पैसा उभा राहिला, तो येथे दगडात कोरलेला दिसतो. खांबांवर जहाजाचे दोरखंड, गाठी, समुद्री वनस्पती आणि खगोलाचे गोल आहेत. चर्चच्या दाराजवळ समोरासमोर दोन समाध्या आहेत, एक वास्को द गामाची आणि दुसरी कवी कामोइंशची. गामा ८ जुलै १४९७ रोजी याच काठावरून निघाला आणि मे १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. १५२४ मध्ये तो कोचीत वारला आणि तेथील सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरला गेला. त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला नेले आणि १८८० मध्ये येथे आणले. आता गाभाऱ्याकडे जावे. राजघराण्याच्या शवपेट्या तेथे संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. युरोपातल्या चर्चच्या गाभाऱ्यात हत्ती पाहून आपण क्षणभर थबकतो.

नदीतला बेलेमचा बुरूज फ्रान्सिस्को दे आरुदाने १५१४ नंतर बांधला. आतले जिने अरुंद आहेत; वेळ कमी असेल किंवा दुरुस्तीमुळे तो बंद असेल, तर बाहेरूनच पाहावा. त्याच्या एका कोपऱ्याखाली झिजलेले गेंड्याचे दगडी डोके आहे. गुजरातच्या सुलतानाने गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कला दिलेला गेंडा मे १५१५ मध्ये जिवंत लिस्बनला उतरला होता आणि पोर्तुगीजांनी त्याला ‘गांदा’ म्हटले. तो शब्द आपण लगेच ओळखतो. याच प्राण्याच्या वर्णनावरून जर्मन चित्रकार ड्यूररने, गेंडा स्वतः न पाहता, आपले प्रसिद्ध चित्र केले.

गोवा आणि महाराष्ट्राशी संबंधित असे आणखी काय आहे?

हा प्रश्न फारसा विचारला जात नाही, म्हणून त्याचे उत्तर मी सविस्तर देतो.

बेलेमच्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोरील उंच स्तंभावर आफोन्सो दे आल्बुकर्कचा पुतळा आहे. १५१० मध्ये गोवा जिंकणारा तो हाच. नदीकाठच्या ‘शोधांच्या स्मारका’वरही तो आहे, आणि ज्याचे शव जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बॅसिलिकामध्ये आहे तो फ्रान्सिस झेवियरही आहे. ५२ मीटर उंचीचे हे स्मारक १९६० मध्ये, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात उभे राहिले. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. हे दोन दिनांक शेजारी ठेवून त्या स्मारकाकडे पाहावे.

शनिवारी पाहिलेल्या साओ व्हिसेंते मठात ब्रागांसा राजघराण्याची दफनशाळा आहे. तेथे राजकन्या कॅथरीन विसावली आहे, जिच्या इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी झालेल्या १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली. मुंबईत वाढलेल्या माणसाने तेथे पाच मिनिटे थांबावे. वसई मात्र पोर्तुगीजांकडे राहिली, ती १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत. वसईच्या चर्चमधून आणलेल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत अजून वाजतात. घारापुरीच्या लेण्यांतला शिलालेख पोर्तुगीजांनी काढून राजाकडे पाठवला आणि तो पुढे हरवला. लेणी नेमकी कोणी खोदली हा वाद त्या एका दगडाने कदाचित मिटला असता.

कथीड्रलच्या शेजारी आल्जुब नावाचा जुना तुरुंग आहे, जो २०१५ पासून हुकूमशाहीविरुद्धच्या लढ्याचे संग्रहालय झाला आहे. गोवा मुक्तिसंग्रामातील काही सत्याग्रही आणि नेते पोर्तुगालमधल्या तुरुंगांत डांबले गेले होते. तेलू मास्कारेन्हास आणि सांगलीचे मोहन रानडे हे त्यांपैकी होत. गोवा मुक्त झाल्यानंतरही रानडे लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात बंदिवान राहिले आणि १९६९ मध्ये सुटले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी महाराष्ट्रात पुढाकार घेतला होता. बेलेमहून पुढे काश्काइशकडे जाणारी लोकल काशियासवरूनच जाते.

कार्मो चर्चच्या दारातला छोटा चौकही आठवणीत ठेवावा. २५ एप्रिल १९७४ रोजी तेथील लष्करी कचेरीत पंतप्रधान मार्सेलो काएतानो यांनी क्रांतिकारी सैनिकांपुढे शरणागती पत्करली. त्यानंतरच्या लोकशाही सरकारने त्याच वर्षाच्या अखेरीस गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

आल्कांतारा भागातील ‘ओरिएंत संग्रहालय’ पूर्वी खारवलेल्या माशांचे गोदाम होते. तेथे पोर्तुगीजांच्या आशियातील वावराचा संग्रह आहे. बेलेमहून परतताना रविवारी दुपारी ते वाटेत येते.

याच दोन दिवसांत सिंत्रा करता येईल का?

सिंत्रा हे राजवाड्यांचे गाव. रोसिओहून गाडीने सुमारे ४० मिनिटे लागतात, त्यामुळे बहुतेकांना मोह होतो. परंतु तेथील पेना राजवाड्याचे तिकीट ठरावीक वेळेचे असते, वर जाणाऱ्या बसला गर्दी असते आणि पूर्ण दिवस खर्ची पडतो. तिसरा दिवस असेल तर अवश्य जावे. बेलेम सोडून जाऊ नये.

शाकाहारी माणसाची सोय होते का?

होते, पण विचारून खावे. ‘काल्दो व्हेर्दे’ हे हिरव्या पाल्याचे सूप शाकाहारी दिसते, पण त्यात बहुधा डुकराच्या सॉसेजची चकती असते. ‘सें कार्ने, सें पेश’, म्हणजे मांस नको, मासे नको, एवढे म्हणावे. मार्तिम मोनिझच्या परिसरात भारतीय, नेपाळी आणि बांगलादेशी खाणावळी भरपूर आहेत. बसल्याबरोबर टेबलावर येणारे पाव, ऑलिव्ह, चीज हे फुकट नसते. खाल्ले तर बिलात लागते, नको असल्यास परत न्यायला सांगावे. मासे खाणाऱ्यांनी खारवलेल्या कॉडचा ‘बाकाल्याव’ आणि उन्हाळ्यात भाजलेले सार्डिन खावेत. बेलेममध्ये १८३७ पासून चालू असलेल्या दुकानातले कस्टर्डचे टार्ट गरम असतानाच खावेत. त्यात अंडे असते.

पोर्तुगीज येत नसेल तर अडते का?

अडत नाही, इंग्रजीवर काम भागते. तरी ‘बों दिया’ म्हणून सुरुवात करावी आणि आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादो’, स्त्रीने ‘ओब्रिगादा’ म्हणावे. दुकानांच्या पाट्या मात्र लक्ष देऊन वाचाव्यात. बेकरीत ‘पांव’, भाजीवाल्याकडे ‘बाताता’, ‘कोव्ह’ आणि ‘आनानाश’, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दारावर ‘शाव्ह’ असे लिहिलेले आढळते. आपले पाव, बटाटा, कोबी, अननस आणि चावी हे शब्द येथूनच जहाजांनी आले.

फादोचे गाणे कुठे ऐकावे?

फादो हा लिस्बनचा हुरहूर लावणारा गानप्रकार. आल्फामा आणि मोरारिया या त्याच्या मूळ वस्त्या. मोठ्या भोजनगृहांत जेवणासह किमान आकार ठरलेला असतो, तो आरक्षण करतानाच विचारावा. दिवे मंद झाले आणि गाणे सुरू झाले की बोलणे, चमचे वाजवणे आणि मोबाइल पूर्ण थांबवावे. शब्द कळले नाहीत तरी आवाजातली हुरहूर पोहोचते.

ज्येष्ठ आणि लहान मुले सोबत असतील तर?

चढ आणि पायऱ्या खऱ्या आहेत, आणि पांढऱ्या चुनखडीच्या तुकड्यांचे पदपथ पावसात निसरडे होतात. रबरी तळव्याचे बूट घालावेत. चाकांची बाबागाडी आल्फामात उपयोगी पडत नाही. ज्येष्ठांसाठी किल्ल्यापर्यंत टॅक्सीने जाऊन उतरत यावे. बेलेम जवळपास सपाट असल्याने त्यांना तो दिवस सुखाचा जातो. काइस दो सोद्रेहून पलीकडच्या कासील्यासपर्यंतची फेरीबोट दहा मिनिटांची आहे. मुलांना ती हमखास आवडते आणि परतताना संपूर्ण शहर समोर दिसते.

आठवण म्हणून काय आणावे?

माशांचे डबे, कॉर्कच्या वस्तू, किंवा एखाद्या कार्यशाळेत नव्याने रंगवलेली अझुलेजू, म्हणजे भिंतीवर लावायची चकचकीत नक्षीची टाइल, घ्यावी. शनिवारच्या बाजारात जुन्या, कडा तुटलेल्या टाइल्स सुट्ट्या विकायला असतात आणि त्या फार सुंदर दिसतात, पण त्या घेऊ नयेत. यांतल्या काही उभ्या इमारतींच्या भिंतींवरून चोरून उपटलेल्या असतात. आल्फामात चालताना एखाद्या निळ्या भिंतीवर मधेच सिमेंटचा उघडा चौकोन दिसतो, ती टाइल अशीच गेलेली असू शकते.